परक्या पेठेत देशाची पत

१८ ऑगस्ट १९४७. भारत स्वतंत्र होऊन अवघे तीन दिवस झाले होते. त्या दिवशी जर्मनीत हॅनोव्हर शहरालगत एका कारखान्याच्या शेडमध्ये एक प्रदर्शन सुरू झाले. देश महायुद्धात हरला होता. त्याचे चार तुकडे होऊन ते चार विजेत्या राष्ट्रांच्या सैन्यांच्या ताब्यात गेले होते. शहरांतून विटामातीचे ढिगारे उभे होते आणि अन्न शिधापत्रिकेवर मिळत होते. प्रदर्शनास येणाऱ्यांना कुपनाशिवाय माशाचे पाव मिळत, म्हणून लोकांनी त्याला ‘माशाच्या पावाची जत्रा’ असे थट्टेचे नाव देऊन टाकले. ही जत्रा म्हणजेच आजचे ‘हॅनोव्हर मेसे’. यंत्रोद्योगाच्या जगात या प्रदर्शनाचे स्थान आज अगदी वरच्या पंक्तीतले आहे.

भारत २००६ साली आणि पुन्हा २०१५ साली या प्रदर्शनाचा भागीदार देश होता. १२ एप्रिल २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. ‘मेक इन इंडिया’चा सिंह त्या शहरात जागोजागी दिसत होता. ते दृश्य अभिमानाचे होते यात शंका नाही. परंतु प्रदर्शने आटोपतात, फलक उतरतात, पाहुणे आपापल्या घरी परततात. त्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. सिंहाच्या चित्राखाली ज्याचे छोटे दालन होते, त्या चाकणच्या, शिरोलीच्या किंवा अंबडच्या उद्योजकाने तेथे दिलेला शब्द परत आल्यावर पाळला की नाही, कबूल केलेला नमुना कबूल केलेल्या दिवशी गेला की नाही, यावर देशाची पत ठरते.

अतिथीला देव मानण्याची शिकवण आपल्याकडे घराघरांत दिली जाते. ती यजमानाची शिकवण होय. पण आपण स्वतः अतिथी होऊन परक्याच्या दारी व्यवहारासाठी जातो, तेव्हा अतिथीचा धर्म कोणता, याचा विचार त्या मानाने फार थोडा होतो. जर्मनीसारख्या संपन्न देशात व्यापारासाठी जाणाऱ्या भारतीयांची संख्या वाढत असताना हा विचार आवश्यक झाला आहे.

कलंकाचे भूषण झाले

जर्मन माल म्हटला की उत्तम, टिकाऊ, नेमका, असे समीकरण आपल्या मनात बसलेले आहे. हे समीकरण त्या देशाला जन्मजात मिळालेले नाही. १८७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे जर्मनीचा प्रतिनिधी म्हणून गेलेले यंत्रशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ रॉयलो यांनी आपल्याच देशाच्या मालाविषयी जाहीर निर्वाळा दिला की, हा माल स्वस्त आहे आणि वाईट आहे. स्वकीयांकडून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. देशाची बदनामी केली, असा आरोप झाला. परंतु त्या कडवट औषधाचा गुण आला.

पुढे ११ वर्षांनी आणखी एक अपमान वाट्याला आला. इंग्लंडमधील शेफील्डच्या चाकूकात्रीवाल्यांची तक्रार होती की, जर्मनीतील झोलिंगनचे कारागीर हलका माल बनवून त्यावर शेफील्डचे नाव घालतात. १८८७ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव छापण्याची सक्ती केली. ग्राहकाने सावध व्हावे आणि तो माल टाळावा, हा त्यामागील हेतू होता. ‘मेड इन जर्मनी’ हे तीन शब्द असे कलंक म्हणून कपाळी आले. त्या कलंकाचे भूषण कसे झाले, हा आधुनिक उद्योगाच्या इतिहासातील मोठा बोधप्रद अध्याय आहे.

जर्मनांनी त्या कायद्याविरुद्ध नुसती ओरड केली नाही. १८७७ साली देशव्यापी पेटंट कायदा झाला होता; नकलेपेक्षा शोधाला मोल येऊ लागले. १८८७ सालीच वेर्नर फॉन सीमेन्स यांच्या पुढाकारातून अचूक मोजमापाची राष्ट्रीय संस्था बर्लिनजवळ उभी राहिली आणि हेल्महोल्ट्झ यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९१७ साली मानके ठरविणारी संस्था निघाली. आज भारतातील प्रत्येक कचेरीत, शाळेत, झेरॉक्सच्या दुकानात जो ‘ए-फोर’ कागद वापरला जातो, त्याचे माप या संस्थेने १९२२ साली निश्चित केलेले आहे. माप, मानक आणि शिक्षण या तीन गोष्टींच्या बळावर एका पिढीत मालाचा दर्जा बदलला आणि नंतर त्या दर्जानेच नावाचा अर्थ बदलला.

भारतीय मालालाही परदेशात कधी ना कधी ‘स्वस्त’ या एकाच शब्दात मोजले गेले आहे. त्याने खचून जाण्याचे कारण नाही आणि चिडण्याचेही नाही. ज्यांच्या दारी आपण आज नमुने घेऊन जातो, त्यांचे आजोबा-पणजोबा याच वाटेने गेले आहेत.

पाहुण्याची मर्यादा

व्यवहारासाठी जर्मनीत जाणाऱ्या भारतीयाला शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. १८० दिवसांच्या कोणत्याही कालखंडात जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा त्यावर मिळते. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. या व्हिसावर बैठका घेता येतात, वाटाघाटी करता येतात, करारावर सही करता येते, प्रदर्शनात भाग घेता येतो. तेथे नोकरी किंवा मोबदल्याचे काम करता येत नाही. स्वतः पुरविलेले यंत्र ग्राहकाच्या कारखान्यात उभारून द्यावयाचे असल्यास त्याचे नियम वेगळे आहेत आणि ते निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे लागतात. ‘चार दिवसांचे तर काम आहे, कोण पाहतो?’ हा आपल्याकडचा नेहमीचा विचार तेथे महागात पडतो. एकाच्या अशा धाडसाची किंमत पुढच्या दहा अर्जदारांना मोजावी लागते, हे तर अधिकच वाईट.

नमुन्यांचेही तसेच. प्रदर्शनासाठी नेलेले यंत्र किंवा सुटे भाग ‘एटीए कार्नेट’ या कागदावर सीमाशुल्क न भरता तात्पुरते नेता येतात आणि मुदतीत परत आणावे लागतात. भारतात हा कागद ‘फिक्की’ देते. बॅगेत कपड्यांखाली नमुने दडवून नेण्याची युक्ती करणारा माणूस सीमाशुल्काचे थोडे पैसे वाचवितो आणि विमानतळावरच देशाची अब्रू पणाला लावतो. ज्याला नियमाने जाण्याची वाट उपलब्ध आहे, त्याने चोरवाट धरण्यात शहाणपण ते कोणते?

माहिती मिळविण्याची साधने आपल्या दाराशी आहेत. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था १९५६ पासून मुंबईत कार्यरत आहे. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट येथे जर्मन भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही भगिनी-शहरे होऊन १९६८ पासून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. एवढे असताना आपला उद्योजक अनेकदा विमानात बसल्यावर त्या देशाचा विचार सुरू करतो, ही खेदाची गोष्ट होय.

शब्द, कागद आणि मौन

जर्मन व्यवहारातील वक्तशीरपणाचे गोडवे सर्वांनी ऐकलेले असतात. भेटीची वेळ काही आठवडे आधी ठरते, बैठकीचे विषय आधी कळविले जातात आणि नवाची बैठक नवाला सुरू होते. यात विशेष गूढ काही नाही. दुसऱ्याच्या वेळेला किंमत असते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत जसा भेद आहे, तसाच त्यांच्या भाषेतही आहे आणि अनेक वर्षांच्या व्यवहारानंतरही माणसे एकमेकांना आदरार्थीच संबोधतात. मराठी माणसाला हे चटकन उमगावे. पहिल्याच भेटीत खांद्यावर हात टाकून जवळीक दाखविण्याची गरज तेथे नसते.

खरी अडचण होते ती ‘नाही’ या शब्दापाशी. ड्रॉइंगवरील टॉलरन्स आपल्या यंत्रावर साधणार नाही हे ठाऊक असूनही, समोरच्याचे मन मोडू नये म्हणून, ‘होऊन जाईल’ असे उत्तर आपल्याकडून सहज निघून जाते. त्यामागे फसविण्याचा हेतू नसतो. आपल्याकडे तो संकोचाचा आणि सौजन्याचा भाग असतो. परंतु ऐकणारा ते वचन समजून आपल्या वहीत तारीख लिहून घेतो. तीन महिन्यांनी ते ‘होऊन’ गेले नाही की त्याच्या लेखी हा माणूस खोटा ठरतो. ‘हे आमच्याकडून होणार नाही, मात्र एवढे, या मुदतीत, या दरात होईल’ असे सांगणाऱ्याला पहिली ऑर्डर लहान मिळेल, पण दुसरी हमखास मिळेल.

तेथील व्यापारी कायद्याचे दोन-तीन बारकावे प्रत्येकाने समजून घ्यावेत असे आहेत. माल हाती येताच खरेदीदार व्यापाऱ्याने तो तपासला पाहिजे आणि दोष आढळल्यास विनाविलंब कळविला पाहिजे, असा त्यांचा कायदा आहे. तसे न केल्यास माल मंजूर झाला असे धरले जाते. त्यामुळे खेप पोचली की लगेच तक्रारीचे पत्र येऊ शकते. आपला माणूस ते वाचून दुखावतो. संबंध बिघडले असे समजून उत्तरच देत नाही. वास्तविक ते पत्र रागाचे नसते. तो आपला कायदेशीर हक्क राखत असतो आणि उत्तराची वाट पाहत असतो.

दुसरी बाब मौनाची. तोंडी बोलणी झाल्यावर एका व्यापाऱ्याने ठरलेल्या अटी लिहून कळविल्या आणि दुसऱ्याने त्यावर लगोलग हरकत घेतली नाही, तर त्या अटी त्याला मान्य आहेत असे जर्मन व्यापारी परंपरा मानते. आपल्याकडे न आवडलेल्या पत्राला उत्तर न देणे हा नकाराचा सभ्य मार्ग समजला जातो. तेथे तीच संमती ठरते! एकाच मौनाचे दोन देशांत दोन उलट अर्थ व्हावेत आणि त्यातून वितुष्ट यावे, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही.

तिसरी बाब दलालीची. तेथे आपला माल विकण्यासाठी प्रतिनिधी नेमला आणि पुढे त्याला काढून टाकले, तर त्याने मिळवून दिलेल्या ग्राहकांबद्दल त्याला भरपाई मागता येते. तिची कमाल मर्यादा सरासरी एका वर्षाच्या कमिशनइतकी असू शकते. प्रदर्शनातील कॉफीच्या टेबलावर ‘तुम्हीच आमचे युरोपचे एजंट’ असे उत्साहाने म्हणून टाकण्यापूर्वी हे लक्षात असावे.

द्राक्षांनी शिकविलेला धडा

हा विषय केवळ कारखानदारांचा आहे असे नव्हे. नाशिक, सांगलीच्या द्राक्षबागायतदारांनी तो आपल्या कातडीवर अनुभवला आहे. २०१० च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी बागायतदार हे संजीवक वापरीत आले होते. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्यांच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. बागायतदाराने लबाडी केली नव्हती, तरी कंटेनर अडकले, भाव कोसळले आणि कर्ज काढून बाग उभी केलेल्या शेकडो घरांवर संकट आले.

त्या प्रसंगी दोन वाटा होत्या. एक, परदेशी कटाच्या नावाने बोटे मोडीत बसण्याची. दुसरी, आपली तपासणी त्यांच्या तपासणीपेक्षा कडक करण्याची. महाराष्ट्राच्या बागायतदाराने, त्याच्या संघाने आणि निर्यात यंत्रणेने दुसरी वाट धरली. बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा दाखला आणि ‘ग्रेपनेट’वरून पेटीपासून थेट बागेपर्यंत लागणारा माग, ही पद्धत अधिक काटेकोर झाली. त्यामुळेच आज नाशिकचे द्राक्ष युरोपच्या बाजारात ताठ मानेने उभे आहे. फिलाडेल्फियाच्या अपमानानंतर जर्मन कारखानदाराने जे केले, ते आपल्या शेतकऱ्याने एका हंगामाच्या धक्क्यानंतर करून दाखविले. याची जाणीव आपल्या सुशिक्षित वर्गाला किती आहे?

कसोट्या यापुढे वाढतच जाणार आहेत. पुरवठादाराच्या कारखान्यात बालमजूर तर नाहीत ना, कामगारांना सुरक्षा आहे ना, याची चौकशी करण्याचे बंधन जर्मनीने २०२३ पासून आपल्या मोठ्या कंपन्यांवर घातले. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालाच्या निर्मितीत किती कार्बन हवेत सोडला, याचा हिशेब युरोपीय संघ ऑक्टोबर २०२३ पासून मागू लागला. यांत स्वतःच्या उद्योगाला आडोसा देण्याचा हेतू नाहीच, असे म्हणण्याचा भाबडेपणा नको. आपल्या सरकारने वाटाघाटींत त्याविरुद्ध ठामपणे बोललेच पाहिजे. भारत आणि युरोपीय संघ यांची मुक्त व्यापाराची बोलणी २००७ साली सुरू झाली, २०१३ साली अडली आणि २०२२ साली पुन्हा हाती घेतली गेली, यावरून हा मार्ग किती खडतर आहे ते दिसते. परंतु करारामुळे शुल्क कमी होते. विश्वास ज्याचा त्याने कमवावा लागतो. सरकारने सरकारचे काम करावे आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याने आपल्या भट्टीच्या विजेचा हिशेब आजपासून ठेवावा, यातच शहाणपण आहे.

हाताला प्रतिष्ठा

जर्मनीची लोकसंख्या सुमारे ८.४ कोटी, महाराष्ट्राहून कमी. तरीही निर्यातीत तो देश जगातील पहिल्या तिघांत मोडतो. त्याचे श्रेय केवळ प्रचंड कंपन्यांचे नव्हे. तेथील ९९ टक्क्यांहून अधिक उद्योग लहान आणि मध्यम आहेत. त्यांतील कितीतरी एखाद्या खेड्यावजा गावात, एकाच कुटुंबाच्या हाती, तीन-चार पिढ्या चाललेले आहेत. एखादाच पंप, एखादीच झडप, एखादेच मोजमापाचे उपकरण ते बनवितात आणि त्यात जगात पहिल्या क्रमांकावर असतात. १७६१ साली सुरू झालेला फाबर-कास्टेलचा पेन्सिलींचा व्यवसाय आजही कुटुंबाच्याच मालकीचा आहे.

या टिकाऊपणाचे मूळ त्यांच्या शिक्षणात सापडते. शाळा संपलेला मुलगा किंवा मुलगी आठवड्याचे काही दिवस कारखान्यात उमेदवारी करते आणि काही दिवस व्यवसायशाळेत जाते. असे सुमारे सव्वातीनशे व्यवसाय तेथे मान्यताप्राप्त आहेत. उमेदवारी दोन ते साडेतीन वर्षांची असते, तिला विद्यावेतन असते, आणि पुढे अनुभवाने व परीक्षेने ‘माइस्टर’ ही पदवी मिळते. या पदवीचा धारक समाजात मानाने वावरतो. कारखान्याच्या मालकाने लेथवर स्वतः काम केलेले असणे तेथे नवलाचे नाही.

आपल्याकडे आयटीआय म्हणजे ज्याला कोठेच प्रवेश मिळाला नाही त्याची शेवटची पायरी, अशी समजूत मध्यमवर्गीय घरांतून अजूनही आहे. विवाहाच्या बाजारात कुशल टर्नरपेक्षा कसाबसा पदवीधर झालेला कारकून वरचढ ठरतो. कसबाला मोल न देणाऱ्या समाजाचा माल कसबी कसा व्हावा? विश्वकर्म्याची पूजा करणाऱ्या देशात हे व्हावे, हे लाजिरवाणे आहे. ज्या किर्लोस्करवाडीचा पाया १९१० साली माळरानावर घातला गेला, ती लक्ष्मणराव किर्लोस्करांनी स्वतःचे हात काळे करून उभी केली, याचे विस्मरण महाराष्ट्राला परवडणारे नाही. आता तर जर्मनीलाच कुशल हातांची टंचाई भासू लागली आहे. भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा त्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. ज्या हातांना आपण कमी लेखतो, त्यांना तेथून निमंत्रण येत आहे.

दिपूनही जाऊ नये

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगणे अगत्याचे आहे. संपन्न देशात गेलेला आपला माणूस अनेकदा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. जाताना बेफिकीर असतो आणि येताना भारावलेला. मग तेथील स्वच्छ रस्ते, शांत आगगाड्या आणि रांगेतील शिस्त यांची वर्णने करीत तो वर्षभर आपल्या देशाला नावे ठेवीत राहतो. त्याला हे कोणीतरी सांगितले पाहिजे की, १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच जर्मन कंपन्यांना खर्च म्हणून करातून वजा दाखविता येत असे. सीमेन्ससारख्या नामवंत कंपनीला लाचखोरीच्या प्रकरणात २००८ साली जबर दंड भरावा लागला. फोक्सवॅगनने डिझेल मोटारींच्या धुराच्या चाचणीत लबाडी केल्याचे २०१५ साली उघड झाले. २०११ साली सुरू व्हावयाचा बर्लिनचा नवा विमानतळ २०२० साली सुरू झाला. माणसे सर्वत्र माणसेच असतात. फरक पडतो तो चूक उघड झाल्यावर समाज काय करतो याने.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. इतका संपन्न देश, पण रविवारी त्याच्या बाजारपेठा बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या राज्यघटनेने संरक्षण दिले आणि ते कलम १९४९ च्या घटनेनेही कायम ठेवले. व्यापारावर जगणाऱ्या समाजाने आठवड्यातील एक दिवस व्यापाराच्या हातून काढून कुटुंबाला दिला आहे. आपल्या जुन्या रीती टाकून देणे म्हणजेच आधुनिक होणे, असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा. आपला शाकाहार, आपले सणवार, आपली भाषा संकोचाने लपविणाऱ्या पाहुण्याला तेथे अधिक मान मिळतो, असा अनुभव नाही. ‘मद्य घेत नाही’ असे साधेपणाने सांगितले की विषय संपतो. आदर मिळतो तो तयारीला, नेमकेपणाला आणि स्वत्वाला.

पाहुण्याने कायम पाहुणाच राहावे असेही नाही. १८६७ साली लंडन ते कलकत्ता या तारमार्गाचे काम सीमेन्स बंधूंनी हाती घेतले, तेव्हा जर्मन उद्योग आपल्या दारी आला होता. १९६१ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत फोर्जने २००४ साली जर्मनीतील कार्ल दान पेडिंगहाउस ही जुनी फोर्जिंग कंपनी विकत घेतली, तेव्हा चक्र फिरले. पुण्याचा उद्योग तेथे मालक म्हणून उभा राहिला. काही दशके दर्जाची साधना केल्याशिवाय हे घडत नाही.

पत घरात घडते

हॅम्बुर्ग शहरात व्यापाऱ्यांचा एक संघ १५१७ सालापासून आहे. त्याचे नावच ‘सचोटीचा व्यापारी’ या कल्पनेवरून पडलेले आहे. ज्याचा शब्द हाच करार, अशा व्यापाऱ्याचा तो आदर्श होय. ही कल्पना आपल्याला परकी आहे काय? ज्या देशात एका पेढीने लिहून दिलेली हुंडी शेकडो कोस दूरच्या पेढीवर वटत असे, त्या देशाला पत म्हणजे काय हे जर्मनीकडून शिकण्याची आवश्यकता नाही. आठवण करून घेण्याची मात्र आहे.

आणि ती आठवण विमानतळावर होत नसते. पाच वाजता येतो म्हणून सहाला जाणारा, ‘उद्या देतो’ म्हणून आठवडा लावणारा, सोसायटीच्या सभेत दिलेला शब्द जिन्यात विसरणारा माणूस फ्रँकफर्टला उतरताच वक्तशीर होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. सवय घरात लागते, शाळेत मुरते, दुकानात कसाला लागते आणि परदेशात दिसते. घरातील मुलाने एखादे काम अर्धवट सोडले तर ‘चालायचेच’ म्हणणारे आईवडील नकळत देशाच्या निर्यातीवरच परिणाम करीत असतात, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

परक्या पेठेत उभ्या असलेल्या भारतीय व्यापाऱ्याच्या छातीवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर त्याचे नाव, त्याच्या कंपनीचे नाव आणि शेवटी देशाचे नाव असते. समोरचा ग्राहक पहिली दोन नावे काही दिवसांत विसरतो. तिसरे मात्र त्याच्या लक्षात राहते. ते कशासाठी लक्षात राहावे, हे ठरविणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.